मेणाचा हात

सप्टेंबर लागला की आमच्या चुलीवर
भाताच्या टोपाला जागा नसायची.
मेण वितळत असायचं.
आई, दुमिंगा, जस्ताचे साचे खोबरेल लावून मांडायची:
हात, पाय गुडघ्यापर्यंत,
डोळ्यांची जोडी, तान्हं बाळ,
कौलारू घर, त्याला पुढे दोन मजले चढले,
आणि एका वर्षी साचेवाल्या पास्कूने आणलेलं विमान.
"इमान कोनाला?"
"व्हिसा अडकलेल्यांना," पास्कू म्हणाला.
विमानं घरांआधी संपली.

मेण ढवळता ढवळता ती सांगायची.
गलबतं आली अरबांची, रात्री.
टेकडीवर मावली उभी, हातात सोनेरी काहीतरी.
सोनं समजून त्यांनी हातच तोडला, उजवा.
घुमटीमागे पोळं होतं.
माश्या उठल्या.
तलवारीने माशी कापता येते का?
धावले उतारावरून, पागोट्यांत तोंडं खुपसून,
दर्यात पडले, तिथेही माश्या.

"हे पुस्तकात आहे?"
"फादर सन सांगतात, सतराशे.
माश्या आपण सांगायच्या."

मग मूर्ती पाण्यात गेली, किती वर्षं, कोण मोजतो.
चिंबईच्या एका कोळ्याला सपान पडलं: जा, जाळं टाक.
तो गेला. जाळं जड.
वाटलं खडक, पहिली शिवी दिली त्याने,
मग पाहिलं, मग कान धरले.
ती शिवी आई दर वर्षी चुलीजवळ देत असे,
जशीच्या तशी, आणि क्रूस करत असे.
तेवढाच भाग आम्हा भावंडांना पाठ.

इंतरूचा हात विंचमध्ये गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा.
ट्रॉलर वसईच्या बाहेर, पहाटेची वेळ,
दोर ताणलेला, एवढंच त्याने सांगितलं.
उजवा. मनगटापासून.

त्या सप्टेंबरात आईने उजवे हात ओतलेच नाहीत.
गिऱ्हाइकं विचारत, ती डावे दाखवी.
सणाच्या आदल्या रात्री मात्र
सगळे झोपल्यावर चूल पेटली.
सकाळी टेबलावर एकच,
बोटं सरळ, अंगठा जरा जाड.

"तिनं तिनशे वर्षांत आपला उगवला नाय," इंतरू म्हणाला,
"माना कुठून देल?"
आई काही बोलली नाही. सदरा इस्त्री केला,
उजवी बाही दुमडून टाचणी लावली.

रांग खालच्या पायऱ्यांपर्यंत आलेली.
हार, चणे, पोळपाटाएवढी मिठाई,
ऊन असं, की पुढच्या बाईची मेणाची मुलगी
कमरेत वाकली.
इंतरूच्या डाव्या हातातला उजवा हात मऊ होत गेला,
बोटं त्याच्या तळव्यावर हळूहळू मिटली.
त्याने ती सरळ केली नाहीत.

वर पोचलो तेव्हा तो बघत राहिला.
मागचे लोक ढकलत होते.
"हाताच्या जागी त्यांनी पोर दिलंय," तो म्हणाला,
"तुटलेलं दिसू नये म्हणून."
मग, पायऱ्या उतरताना: "आणि तिनं ते धरलंय."

आठवड्याने मेण परत येतं, गोणीतून, किलोच्या भावाने.
हात, नाकं, घरं, विमानं, एकाच टोपात.
कोणाचा नवस फळला, कोणाचा नाही,
मेणाला काय ठाऊक.
पास्कू म्हणतो, हे माश्यांचं नाहीच,
खनिज तेलातून निघतं.
तरी एक माशी खिडकीतून आली होती त्या दिवशी,
टोपावर घिरटी घातली, वास घेतला,
फसवल्यासारखी निघून गेली.

आईने गोणीत खूप वेळ हात घालून शोधलं.
मिटल्या बोटांचा सापडला, की तसाच दुसरा कुणाचा,
तिने टोपात सोडला.
कडेपासून विरघळला, अंगठा शेवटी.

"इंतरू," ती म्हणाली, "उजवा धर."
त्याने साचा घेतला, डाव्यात,
मेण थंड होईस्तोवर
हलू दिला नाही.